दोन दप्तरांतील एक नाव

कोकणातल्या कोणत्याही गावच्या तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा मागितला, तर त्या कागदावर ज्यांची नावे खातेदार म्हणून उतरलेली असतात त्यांपैकी कोण आज रात्री गावात निजणार आहे आणि कोण समुद्रापलीकडच्या एखाद्या खोलीत, याची विचारपूस ते दप्तर कधीच करीत नाही. बापामागे वारसाचा फेरफार पडला आणि नाव चढले, की तो वारस मुंबईस असो, बसऱ्यास असो वा दुबईस असो, आंब्याची चार कलमे आणि भाताचे खाचर त्याच्याच नावे राहते. मतदारयादीचे तसे नाही. तीही त्याच गावात, कधी त्याच चावडीच्या भिंतीवर चिकटवली जाते, तिच्यातही तोच घरक्रमांक आणि तेच बापाचे नाव असते. परंतु प्रत्येक नावामागे ती एक प्रश्न उभा करते, आणि तो प्रश्न मालकीचा नसून मुक्कामाचा असतो: हा इसम येथे राहतो काय?

या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देणारा भारताचा नागरिक १९५० पासून २०१० पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षे, कायद्याच्या दृष्टीने मतदारच नव्हता. आज संयुक्त अरब अमिरातींत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्या देशाच्या एकूण वस्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांचा आहे, आणि त्यांत रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, मुंबई आणि गोवे येथून गेलेल्यांचा भरणा लहान नाही. त्यांचे नाव मतदारांच्या दप्तरात कसे नव्हते, पुढे कसे चढले आणि चढूनही पुष्कळसे कागदावरच कसे राहिले, याची हकीकत लिहून ठेवण्याजोगी आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

आखाताशी आपला संबंध तेल सापडल्यावर जडला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती इतिहासाला धरून नाही. १८१९ च्या अखेरीस रास अल खैमावर जे आरमार चालून गेले ते मुंबईहून निघाले होते. १८२० चा सामान्य तह, १८५३ चा कायमचा दर्यावर्दी तह आणि १८९२ चा अनन्य करार हे तिन्ही करारनामे ज्या इंग्रजी सत्तेने त्या किनाऱ्यावरील शेखांशी केले तिचा त्या मुलखातील कारभार आरंभी मुंबई इलाख्याच्या आणि १८७३ पासून हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली चाले, आणि शारजा येथे बसणारा तिचा देशी वकील आपले अहवाल बुशहरच्या रेसिडेंटाकडे धाडीत असे. दुबईत १९ ऑगस्ट १९०९ रोजी जे पहिले टपालघर उघडले ते हिंदुस्थानच्या टपालखात्याचे होते. फाळणीच्या धामधुमीत ते प्रथम पाकिस्तानकडे व मग १९४८ च्या एप्रिलपासून इंग्रजांकडे गेले; तोवर सुमारे अडतीस वर्षे दुबईच्या खाडीकाठी पेटीत टाकलेले पत्र हिंदी तिकिटावर रत्नागिरीस पोहोचत असे. बाजारात चलन रुपयाचेच होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी म्हणून निराळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर छापलेल्या नोटा काढल्या, आणि १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर एकेका अमिरातीने हे चलन सोडले. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘द्वारका’ बोट तर १९८२ पर्यंत मुंबईहून कराचीमार्गे आखाताच्या बंदरांची फेरी करीत होती, आणि तिच्या डेकवर वळकटी पसरून बसलेल्या उतारूंत कोकणातले खलाशी, स्वयंपाकी, सुतार, शिंपी आणि कारकून नेहमीच असत.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की टपाल, चलन आणि जहाज या तिन्ही वाटांनी जो किनारा आपल्या सरकारच्या इतका हाताशी होता, जेथे सरकारने एकेकाळी स्वतःची टपालपेटी ठेवली आणि पुढे निराळी नोटही छापून पाठवली, तेथे राहणाऱ्या नागरिकापर्यंत एक मतपत्रिका मात्र पोहोचली नाही. आणि याचे मूळ अंतरात नव्हते, ते यादी बनविण्याच्या रीतीत होते.

ती रीत कशी घडली हे पाहण्यासाठी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जावे लागते. घटना अजून मंजूर व्हायची होती, तोच संविधान सभेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकाराची यादी करावयास प्रांतांना सांगितले, आणि त्या सूचनांत अट अशी होती, की ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात निदान १८० दिवस त्या ठिकाणी ज्याचा रहिवास असेल त्याचेच नाव घ्यावे. त्यापूर्वीचा मताधिकार शेतसारा, घरपट्टी किंवा शिक्षण यांवर ठरत असे आणि त्यामुळे तो थोडक्यांनाच मिळे. आता सारा नको, पट्टी नको, अक्षरओळख नको, माणूस प्रौढ असावा आणि तेथे राहत असावा एवढेच पुरे, ही त्या काळच्या कोणत्याही देशाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट होती. निर्धनाला मत मिळावे म्हणून मालमत्तेची कसोटी काढून टाकली आणि तिच्या जागी रहिवासाची कसोटी बसवली. त्या वेळी ती उदारच होती, यात संशय नाही.

परंतु ही कसोटी लागू करताना कारकुनांना लवकरच एक पेच पडला. पंजाब, सिंध आणि पूर्व बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांपैकी कोणालाही १८० दिवसांचा दाखला देता येईना. ठिकठिकाणांहून निर्वासितांचे अर्ज आणि तक्रारी दिल्लीस गेल्या, आणि सचिवालयाने हुकूम काढला की जो निर्वासित ‘मी येथेच कायमचा राहणार’ असे लिहून देईल त्याचे नाव रहिवासाचा काळ न मोजता यादीत घ्यावे. माणसाच्या देहाच्या हजेरीऐवजी त्याचा इरादा सरकारने पुरावा म्हणून मान्य केला. भारतीय मताधिकाराच्या इतिहासातील ही घटना मला अत्यंत मोलाची वाटते, कारण रहिवास म्हणजे केवळ निजण्याची जागा नव्हे, माणूस आपले घर कोठे मानतो हेही त्यात मोडते, हे तत्त्व आपल्या राज्याने जन्मकाळीच एकदा स्वीकारले होते.

त्याच यादीत दुसरे एक वैगुण्य राहिले, तेही येथे नोंदवणे भाग आहे. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेच सांगितले, आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ज्याला स्वतःचे नाव नाही त्याची नोंद नाही, असा कडक निर्णय घेतल्यामुळे सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीस मुकल्या. पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळ नावे चढली. यादीत नाव नसणे हे कधी कधी नागरिकाच्या दोषामुळे नसून विचारण्याच्या रीतीमुळे असते, आणि रीत सुधारली की नाव येते, एवढे त्यावरून दिसते.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने हीच कसोटी कायम केली. त्याचे एकोणिसावे कलम म्हणते की मतदार हा त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा असावा, आणि विसावे कलम सांगते की केवळ घर मालकीचे असल्याने कोणी तेथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे सातबाऱ्याच्या दप्तराचा आणि मतदारयादीच्या दप्तराचा संबंध विधिमंडळाने समजून-उमजून तोडून टाकला. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास सुटत नाही, अशीही तरतूद त्यात पुढे आली. पण तीन-तीन वर्षांच्या करारावर गेलेल्या आणि दर दोन वर्षांनी महिनाभर सुट्टीवर येणाऱ्या माणसाची गैरहजेरी तात्पुरती म्हणावी की कायमची, याचा निर्णय शेवटी ज्याच्या त्याच्या तालुक्यातील नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिला.

याच विसाव्या कलमात एक अपवाद होता. सैन्यातील जवान आणि सरकारी हुकमाने परदेशी नेमलेले अधिकारी व कर्मचारी हे, ते नोकरीवर नसते तर जेथे राहिले असते तेथलेच रहिवासी समजावेत, आणि त्यांना टपालाने मत देता यावे, असे कायदा प्रथमपासून सांगत आला. अबुधाबीत भारताची वकिलात १९७३ साली उघडली. त्या वकिलातीत, किंवा दुबईच्या वाणिज्य दूतावासात, खिडकीच्या आत बसून पारपत्राच्या नूतनीकरणाचे अर्ज घेणारा कारकून मतदार असे. त्याची मतपत्रिका टपालाने येई आणि टपालाने परत जाई. आणि खिडकीबाहेर रांगेत उभा असलेला, त्याच जिल्ह्यातला, कदाचित त्याच शाळेत शिकलेला सुतार मतदार नसे. दोघेही भारताचे नागरिक, दोघेही घरापासून तितक्याच कोसांवर. एकाच्या गैरहजेरीला सरकारने नोकरी म्हटले आणि दुसऱ्याच्या गैरहजेरीला गैरहजेरी. या भेदाचे समर्थन मला कोठेही वाचावयास मिळालेले नाही, आणि ते करता येईल असे वाटतही नाही.

साठ आणि सत्तरच्या दशकांत हा प्रश्न अचानक मोठा झाला. अबुधाबीतून १९६२ साली आणि दुबईतून १९६९ साली तेलाची निर्यात सुरू झाली, २ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातींचा संघ स्थापन झाला, आणि बंदरे, रस्ते, इस्पितळे, विमानतळ यांच्या उभारणीसाठी माणसांची जी मागणी निघाली ती केरळाइतकी नव्हे, तरी कोकणालाही ओढून घेऊन गेली. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतील मुसलमान कुटुंबांत तर घरटी एक माणूस आखातात असणे ही वहिवाटच होऊन बसली. गावात अशा माणसाविषयी कोणी विचारले की ‘तो बाहेर असतो’ एवढेच उत्तर मिळते. ‘राहतो’ हे क्रियापद गावाने आपल्यासाठी राखून ठेवलेले असते. मला हा भाषेतला फरक फार बोलका वाटतो. कायद्याला जो भेद करता आला नाही तो गावाच्या बोलीने केव्हाच केला होता: बाहेर असणे निराळे, आणि बाहेरचे होणे निराळे.

खरे तर बाहेरचे होण्याची सोय त्याला नव्हतीच. अमेरिकेस किंवा कॅनडास गेलेला भारतीय काही वर्षांनी तेथला नागरिक होतो, तेथे मत देतो, आणि मग त्याचे येथील मत गेले तरी तो कोठे तरी राज्यकर्त्यांस जाब विचारू शकतो. अमिरातींत सामान्य नोकरदाराला नागरिकत्व मिळण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. त्याचा तेथील मुक्काम व्हिशाच्या मुदतीएवढा, आणि व्हिसा नोकरीएवढा. कफील म्हणजे हमीदार मालक बदलला, पताका म्हणजे कामाचा परवाना संपला, कंपनी बुडाली, की परतीचे विमान ठरलेले. म्हणजे पस्तीस वर्षे देरा दुबईत काढलेल्या मराठी माणसाला जगाच्या पाठीवर मत देता येईल असे एकच ठिकाण उरते, आणि ते म्हणजे त्याच्या पारपत्राच्या शेवटच्या पानावर छापलेला पत्ता: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा.

तेव्हा व्यवहारात काय होत असे? जुन्या यादीतले नाव पुष्कळदा तसेच राहून जाई, कारण वाडीत पडताळणीस आलेल्या शिक्षकाला घरची म्हातारी ‘आहे की, पुढच्या महिन्यात येतोय’ असे सांगे, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असे. निवडणूक नेमकी सुट्टीत आली तर तो मत देऊनही जाई. पण कोणी हरकत घेतली, किंवा यादीची कसून फेरतपासणी झाली, की नाव कटे. आणि सुट्टीवर आलेला माणूस केंद्रावर जाऊन यादीत बोट फिरवी तेव्हा आईचे नाव असे, भावाचे असे, आणि त्यांच्यामध्ये त्याचे नसे. अशा वेळी भांडण करून उपयोग नव्हता, कारण कायदा त्याच्या बाजूस नव्हता.

ही स्थिती बदलण्याचा रेटा मुख्यतः केरळातून आला, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राने या बाबतीत फारसा आवाज केला नाही. २००३ पासून केंद्र सरकार ९ जानेवारीला, गांधीजी आफ्रिकेतून परतले त्या तारखेला, प्रवासी भारतीय दिवस भरवू लागले. २००६ च्या जानेवारीत हैदराबादेस भरलेल्या मेळाव्यात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी परदेशस्थ नागरिकांना मताधिकार देण्याचे आश्वासन दिले. तेथेच परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतवंशीयांच्या ओसीआय कार्डाचाही आरंभ झाला, आणि तेव्हापासून पुष्कळ लोक या दोहोंची गल्लत करतात. ओसीआय कार्डधारक हा परदेशाचा नागरिक, त्याला मत नाही. आपण ज्याच्याविषयी बोलत आहो तो भारताचेच पारपत्र बाळगणारा. त्याच वर्षी राज्यसभेत मांडलेले विधेयक स्थायी समितीत जाऊन रेंगाळले आणि मागे घेतले गेले. नवे विधेयक २०१० च्या ऑगस्टात आले व दोन्ही सभागृहांत संमत झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-अ बसले आणि २०११ च्या फेब्रुवारीपासून अमलात आले. केरळ विधानसभेची त्या वर्षीची एप्रिलमधील निवडणूक ही अशा मतदारांना मिळालेल्या पहिल्या संधींपैकी एक.

कलम २०-अ चा आशय सरळ आहे. जो भारताचा नागरिक आहे, ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, आणि जो नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने देशाबाहेर आहे, त्याचे नाव त्याच्या पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नोंदवावे. मुक्कामाच्या प्रश्नाला येथे प्रथमच पर्याय सापडला. निर्वासिताला १९४८ साली जसे इराद्यावर घेतले, तसे प्रवाशाला पत्त्यावर घेतले.

अर्ज क्रमांक ६-अ हा तो कागद. त्यावर छायाचित्र लावावयाचे, पारपत्राच्या छायाचित्राचे पान, पत्त्याचे पान आणि चालू व्हिशाचे पान यांच्या प्रती जोडावयाच्या, आणि तो त्या मतदारसंघाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने, समक्ष किंवा आता संगणकावरून धाडावयाचा. मग त्या वाडीचा केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला सगळे बीएलओ म्हणतात, बहुधा एखादा प्राथमिक शिक्षक किंवा अंगणवाडीतील बाई, तो पत्ता पडताळण्यास येतो. एखादे घर उघडे असते, पुष्कळ बंद असतात. जांभ्या दगडाचा चौथरा, लोखंडी ग्रिलला कुलूप, ओटीवर पाचोळा, आणि शेजारीण कुंपणावरून सांगते की ते सगळे दुबईलाच असतात, गणपतीला येतात, घर त्यांचेच, पट्टी आमच्याकडून भरतात. त्या साक्षीवर नाव चढते. यादीत ते इतर घरच्यांमध्ये बसत नाही. प्रत्येक भागाच्या अगदी शेवटी परदेशस्थ मतदारांचा निराळा विभाग असतो, त्यात ते छापले जाते. मतदाराचे ओळखपत्र त्याला मिळत नाही. त्याचे मूळ पारपत्र हेच त्याचे ओळखपत्र, आणि मत द्यावयाचे तर ते घेऊन त्याने त्याच केंद्रावर स्वतः हजर झाले पाहिजे.

येथेच सारा घोटाळा आहे. नोंदणीतून मुक्कामाची अट काढली आणि मतदानात हजेरीची अट ठेवली. शारजातल्या गोदामात काम करणाऱ्या माणसाला एका मतासाठी रजा मागणे, महिनाभराच्या बचतीएवढे विमानभाडे भरणे, मुंबईस उतरून रात्रभर बसने गावी जाणे आणि तसेच परतणे किती जणांना परवडेल? केरळातील संघटनांनी निवडणुकीच्या वेळी घाऊक तिकिटे काढून मतदारांची अख्खी विमाने गावी नेली. त्यांच्या चिकाटीची वाखाणणीच केली पाहिजे, पण मताधिकार असा विमानाच्या आसनांनी मोजावा लागू नये.

अबुधाबीत राहणारे डॉ. शमशीर वायलील यांनी याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली; लंडनस्थ नागेंदर चिंदम यांचीही याचिका होती. निवडणूक आयोगाने उपायुक्त विनोद झुत्शी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने २०१४ च्या ऑक्टोबरात अहवाल दिला. वकिलातींत मतदान केंद्रे उघडणे आणि संगणकावरून थेट मत देणे हे दोन्ही मार्ग तिने बाजूस ठेवले. इलेक्ट्रॉनिक रीतीने मतपत्रिका पाठवून ती टपालाने परत घेणे आणि प्रतिनिधीमार्फत मत देणे हे दोन मार्ग सुचवले. सरकारने त्यांपैकी प्रतिनिधीचा मार्ग पत्करला. २०१७ च्या डिसेंबरात विधेयक लोकसभेत आले, ९ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे संमत झाले, राज्यसभेत पडून राहिले, आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले. २०२० च्या नोव्हेंबरात आयोगाने विधी मंत्रालयास कळवले की टपाली मतपत्रिकेसाठी आपली तयारी आहे. ती वाटही अजून मोकळी झालेली नाही.

प्रतिनिधीच्या मार्गाविषयी माझे मत थोडे निराळे आहे, ते सांगून टाकतो. आखातातील माणसाला कुलमुखत्यारपत्र नवीन नाही. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, घराचे कर्ज, शेताची विक्री यांसाठी तो वाणिज्य दूतावासाच्या साक्षांकनाने भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. ते गावी आले की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले जाते आणि त्या एका कागदावर लाखोंचा व्यवहार होतो. जो विश्वास जमीन विकण्यास पुरतो तो मत देण्यास का पुरू नये, असे कोणी विचारले तर ते समजण्यासारखे आहे. सैनिकांना ही सवलत २००३ पासून आहेही. तरी जमीन आणि मत यांत अंतर आहे. जमिनीचा सौदा भावाला कळला तर बिघडत नाही. मत मात्र गुप्त असावे, आणि ज्या घरात थोरल्याचा शब्द शेवटचा तेथे धाकट्याचे मत थोरल्याच्या हाती देणे म्हणजे ते त्याला पुन्हा एकदा नाकारण्यासारखेच आहे. टपाली मतपत्रिकेलाही धोके आहेत: मजुरांच्या छावणीत आठजणांच्या खोलीत मत गुप्त कसे राहील, मुकादम मधे पडणार नाही कशावरून, हे प्रश्न पोकळ नाहीत. परंतु सीमेवरील तंबूतही आठ जवान एकत्रच राहतात, आणि २०१६ पासून इलेक्ट्रॉनिक रीतीने पाठवलेली टपाली मतपत्रिका त्यांना मिळते. २०१९ च्या निवडणुकीत सुमारे अठरा लाख सेवा मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती भरून परत पाठवली. जे जवानाला जमले ते सुताराला जमेल.

दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही, कारण तो डोळ्यांदेखत घडत असतो. फिलिपाइन्सने २००३ साली कायदा करून आपल्या परदेशस्थ नागरिकांना मत दिले आणि २००४ पासून अबुधाबीची त्यांची वकिलात व दुबईचा दूतावास यांत मतदान होऊ लागले, तेही एका दिवसात नव्हे, महिनाभर. तेव्हा इस्पितळातली फिलिपिनो परिचारिका सुट्टीच्या दिवशी मत देऊ शकते, आणि तिच्याच पाळीत काम करणारी सांगलीची परिचारिका तसे करू शकत नाही. २००५ च्या जानेवारीत इराकच्या निवडणुकीसाठी अमिरातींतही मतपेट्या ठेवल्या होत्या. खुद्द अमिरातींच्या संघाने २००६ साली आपल्या संघीय राष्ट्रीय परिषदेच्या चाळीसपैकी वीस जागांसाठी प्रथम मतदान घेतले, तेव्हा मतदार जेमतेम साडेसहा हजारांच्या आसपास होते; ती संख्या २०२३ पर्यंत चार लाखांच्या जवळ गेली, आणि दरम्यान त्याने परदेशी असलेल्या आपल्या नागरिकांना वकिलातीत मत देण्याची व पुढे घरबसल्या मत देण्याचीही सोय केली. त्या निवडणुकीचे अधिकार मर्यादित आहेत, तो भाग वेगळा. पण परदेशी असलेल्या नागरिकापर्यंत मत पोहोचवता येते, हे त्याने दाखवून दिले.

आता आकडे. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी परदेशस्थ मतदार म्हणून ९९,८४४ नावे होती आणि पंचवीस हजारांहून अधिकांनी मत दिले. २०२४ मध्ये नावे १,१९,३७४ झाली. मत दिले २,९५८ जणांनी, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळाचे. महाराष्ट्रात नोंद ५,०९७ जणांची होती. मत दिले सतरा जणांनी. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशांतून आलेल्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा, शेकडा वीसहून अधिक, महाराष्ट्रात आला, आणि देशात आलेल्या एकूण पैशापैकी शेकडा एकोणीस एकट्या अमिरातींतून आला. गावाकडे पैसा न चुकता पोहोचतो. त्याला केंद्रावर हजर व्हावे लागत नाही.

ते सतरा जण अमिरातींतून आले की आणखी कोठून, हे त्या आकड्यांत नाही. पण मतदान कसे झाले असेल ते सांगता येते, कारण त्याची रीत ठरलेली आहे. केंद्राच्या पहिल्या टेबलावरील अधिकारी यादीची पाने उलटीत शेवटपर्यंत गेला असेल, कारण ते नाव शेवटच्या विभागात असते. पुष्कळ अधिकाऱ्यांना त्या विभागात बोट ठेवण्याची ती पहिलीच वेळ असेल. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी आपापल्या प्रतींत ते नाव हुडकले असेल. मूळ पारपत्र टेबलावर आले असेल, त्याचे शेवटचे पान उघडले गेले असेल, आणि त्यावरचे गाव व खिडकीबाहेरचे गाव एकच आहे हे सर्वांनी पाहिले असेल. मग डाव्या तर्जनीवर नखापासून खाली सांध्यापर्यंत म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या शाईची रेघ ओढली गेली असेल. ती शाई पुढले काही आठवडे जात नाही. कामावर रुजू होण्याचा दिवस त्याच्या आतच येतो, आणि परतताना विमानतळावरच्या खिडकीशी पारपत्र पुढे करताना ती बोटावर तशीच असते.